बेटांची वाट आणि बालाघाटावरचा विद्यार्थी

बीड जिल्ह्यातील किल्ले धारूर हे बालाघाटाच्या डोंगररांगेवरील गाव समुद्रापासून रस्त्याने चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखान याने बांधलेल्या येथील किल्ल्याच्या तीन बाजूंना खोल दऱ्या आहेत आणि जमिनीवरून जाण्याची सोपी वाट एकाच बाजूला आहे. या तटावर उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला दुर्गमता म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. पण दरीच्या जागी चहूकडे समुद्र असेल तर किल्ला कसा राखला जातो, हे मात्र तो केवळ पाठ्यपुस्तकात वाचतो. तो अनुभव त्याला कधी मिळणार, की मिळूच नये अशीच आपली व्यवस्था आहे, हा प्रश्न आता विचारण्याची वेळ आली आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्यांपैकी थळसमोरील खांदेरी, हर्णैसमोरील सुवर्णदुर्ग आणि मालवणसमोरील सिंधुदुर्ग ही तीन बेटे आहेत. तेथे मोटार जात नाही, आगगाडी जात नाही. जगाने मान्य केलेल्या या वारशापर्यंत नेणारे एकमेव साधन म्हणजे कोळ्याची किंवा खारव्याची लहान होडी. वारशाचा गौरव करताना या होडीचा विचार फारसा झालेला नाही.

लहान होडीचे कर्तृत्व

वास्तविक या बेटांचा इतिहास हा लहान होडीचाच इतिहास आहे. इ.स. १६७९ मध्ये मायनाक भंडारी यांच्या देखरेखीखाली खांदेरीवर तटबंदी उभी राहू लागली, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी आपली जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. मोठ्या जहाजांना खोल पाणी आणि अनुकूल वारा लागे. मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून, वल्ह्यांच्या बळावर रसद पोहोचवीत राहिल्या. अखेर इंग्रजांना माघार घ्यावी लागली आणि बेट मराठ्यांकडे राहिले.

सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर झाली. चारी बाजूंनी खारे पाणी असलेल्या या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे. टँकरची वाट पाहण्यात ज्यांचे उन्हाळे गेले, त्या बीड जिल्ह्यातील मुलांना या तीन नावांतील कृतज्ञता समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. किल्ल्याची जागा पाणी पाहून ठरते, हा धडा धारूरच्या तळ्यांपाशी सुरू होतो आणि कुरट्याच्या विहिरींपाशी पूर्ण होतो.

आणखी एक धडा तर धारूरच्या घराघरांत भिंतीवर टांगलेला आहे. कोकणातील नाखवा भरतीची वेळ काढण्यासाठी तिथीच्या आकड्याची पाऊणपट करतो. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास येते, अष्टमीला सहाच्या आणि एकादशीला सव्वाआठच्या. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. चंद्राच्या गतीमुळे भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे भूगोलाच्या पुस्तकातील विधान आणि नाखव्याचा हा हिशेब मुळात एकच आहेत. जी तिथी धारूरला उपवासासाठी पाहिली जाते, तीच तिथी हर्णैला होडी केव्हा सोडायची ते ठरवते. हे ज्या विद्यार्थ्याने होडीत बसून पडताळून पाहिले, तो भरती-ओहोटीचे प्रकरण आयुष्यभर विसरणार नाही.

भीती आणि बंदी

मग तो तेथे का जात नाही? अंतर आणि खर्च ही कारणे आहेतच. ज्या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात जातात, तेथे सहलीची वर्गणी हा क्षुल्लक विषय नसतो. पण त्याहून मोठे कारण भीतीचे आहे आणि ती भीती निराधार म्हणता येणार नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून मुरुडला सहलीस आलेले १४ विद्यार्थी किनाऱ्यावर बुडाले. मे २०२२ मध्ये मालवणजवळ तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जणांचा बळी गेला.

मुरुडच्या घटनेनंतर शिक्षण खात्याने सहलींसाठी कडक सूचना काढल्या आणि समुद्रकिनारे, नद्या, विहिरी यांसारखी ठिकाणे टाळण्यास बजावले. शोकाच्या क्षणी असे होणे समजण्यासारखे आहे. परंतु बंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. मुंबई-पुण्यातील सुखवस्तू कुटुंबातील मूल आईवडिलांबरोबर समुद्रावर जातेच. धारूरसारख्या गावातील मुलाला मात्र शाळेच्या सहलीखेरीज दुसरी संधी नसते. शिवाय मुरुडचे विद्यार्थी होडीतून बेटावर जाताना दगावले नव्हते. अनोळखी किनाऱ्यावर पाण्यात उतरल्याने त्यांचा घात झाला. अज्ञानामुळे झालेल्या अपघातावर अज्ञान वाढविणारा उपाय करणे कितपत शहाणपणाचे, याचा विचार शिक्षकांनीच करावयास हवा.

होडीचे अर्थकारण

होडीवाल्याला केवळ लोभी म्हणून मोकळे होणेही न्याय्य नाही. त्याच्या धंद्याचे गणित पाहिले पाहिजे. डिझेल, इंजिनाची देखभाल, परवाना आणि कर्जाचा हप्ता हे खर्च होडीत दहा माणसे बसली काय किंवा तीस बसली काय, जवळजवळ तितकेच राहतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने वाहतूक बंद राहते. म्हणजे वर्षाची कमाई उरलेल्या महिन्यांत, आणि त्यातही मुख्यतः सुट्यांच्या व शनिवार-रविवारच्या गर्दीत करावी लागते. अशा धंद्यात प्रत्येक जादा उतारू हा जवळजवळ निव्वळ नफा असतो. शेजारची होडी जादा माणसे घेत असेल, तर नियम पाळणारा एकटा तोट्यात जातो. सचोटीलाच दंड बसावा अशी ही रचना आहे. ती एकेकट्या होडीवाल्याला उपदेश करून बदलत नाही. नियम सर्वांना एकाच वेळी आणि सारखाच लागू झाला तरच बदलते.

‘नीलकमल’ दुर्घटनेनंतर प्रवाशांना जीवरक्षक जाकीट घालणे सक्तीचे करण्यात आले, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण तेच शिस्तीचे माप गेटवेपासून मालवणपर्यंतच्या प्रत्येक धक्क्यावर लागले पाहिजे. होडीची क्षमता तिच्या कडेवर ठळक मराठी अक्षरांत रंगवावी. तिकीट होडीत न देता धक्क्यावर द्यावे आणि क्षमतेइकीच तिकिटे फाडली जावीत. जाकीट अंगावर चढल्याशिवाय होडी सुटू नये. भरती-ओहोटीचे दिवसाचे वेळापत्रक फळ्यावर लिहावे. होडीवाल्यांच्या सहकारी संस्थांना जाकिटे आणि इंजिने घेण्यासाठी अल्प व्याजाने कर्ज मिळावे. वारशाच्या नावाने जी रक्कम खर्च होणार आहे, तिचा लहानसा वाटा धक्क्यांवर आणि पायऱ्यांवर पडला, तर लाटेवर वर-खाली होणाऱ्या होडीतून जीव मुठीत धरून उडी मारण्याची पाळी वृद्धांवर व मुलांवर येणार नाही.

बेटावर राहणाऱ्यांचाही यात वाटा आहे. घारापुरीची लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा ठरली. मात्र मुंबईच्या उंबरठ्यावरील या बेटाच्या तीन वस्त्यांत समुद्राखालील केबलने वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. शिल्पांना मिळालेली मान्यता माणसांपर्यंत पोहोचण्यास तीन दशके लागली. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग यांच्या काठावरील गावांच्या बाबतीत तसे होऊ नये.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा बालाघाट कोकणाच्या वाट्याला आला आणि कोकणचा किनारा मराठवाड्याच्या. त्या वाटणीचा अर्थ नकाशापुरता राहू नये. धारूरच्या शाळेतील मुलांनी एखाद्या हिवाळ्यात भिंतीवरची तिथी पाहून भरतीची वेळ काढावी, एस.टी.ने हर्णै गाठावे, जाकिटे अंगावर चढवून मोजक्या संख्येने होडीत बसावे आणि सुवर्णदुर्गाचा तट जवळ येताना पाहावा. यासाठी लागणारा पैसा मोठा नाही. लागते ती एवढीच खात्री, की गेलेले प्रत्येक मूल संध्याकाळी परत येईल; आणि ती खात्री देणे हे शासनाचे काम आहे.