जाडी वाढली म्हणजे डोळा सुधारला?

काचबिंदूच्या रुग्णाच्या ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या थरांची चित्रे काढणाऱ्या तपासणीच्या, अहवालात कधीकधी कोडे पडते. मागच्या खेपेला पातळ झालेला चेतातंतूंचा थर या खेपेला जाड दिसतो. घरच्यांना हायसे वाटते. पण काचबिंदूत मेलेले तंतू पुन्हा उगवत नाहीत. मग ही जाडी आली कुठून?

कधी मोजणीच चुकलेली असते, तर कधी डोळ्याच्या पडद्यात पाणी शिरलेले असते. हा पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाड, तरी त्यात दहा थर असतात. काही रुग्णांत दृष्टिचेतेच्या मुखाभोवती हे थर भाकरीच्या पापुद्र्यांसारखे सुटतात आणि मधल्या फटीत द्रव साचतो. डोळ्यातल्या दाबाने चेतेच्या मुखाशी असलेली ऊती विरत जाते आणि तिथल्या सूक्ष्म छिद्रांतून द्रव आत झिरपत असावा, असे एक मत आहे. १९९१ मध्ये ओसीटीचे तंत्र जगापुढे आले आणि पुढे अशा फटी जिवंत डोळ्यात स्पष्ट दिसू लागल्या.

बहुतेकांना या फटीचा पत्ताही लागत नाही. कित्येकदा ती आपोआप, तर कधी दाब उतरल्यावर मिटते. तेव्हा अहवालातली जाडी एकदम घसरते आणि रोग झपाट्याने वाढल्याचा भास होतो. म्हणून नुसता आकडा वाचून भागत नाही, थरांचे चित्रही पाहावे लागते. द्रव पडद्याच्या मध्यभागी पोचला, तर मात्र अक्षरे धूसर किंवा वाकडी दिसतात. क्वचित तिथला पडदा उचललाही जातो.

पडदा फाटून सुटणे हे प्रकरण वेगळे आणि तातडीचे. डोळ्यात वीज चमकल्यासारखे होणे, काळे ठिपके अचानक वाढणे, एका बाजूने सावली सरकत येणे ही त्याची लक्षणे. काचबिंदूवरच्या पिलोकार्पिन थेंबांनी क्वचित असे घडू शकते, म्हणून ते सुरू करण्याआधी पडद्याच्या कडा तपासतात.

घिवलीसारख्या किनाऱ्यावरच्या गावातून बोईसर स्टेशन गाठून मुंबईला तपासणीसाठी जाणाऱ्यांनी जुने सगळे अहवाल, चित्रांसह, सोबत न्यावेत. शक्य असेल तर दरवेळी एकाच यंत्रावर तपासणी करावी. जाडी वाढलेली दिसली म्हणून थेंब बंद करू नयेत. वरची लक्षणे दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.