मार्करचा दिवस

पहाटे ५:१५. पुण्यातला एक जुना क्लब, लाल मातीची टेनिस कोर्टं. मार्कर पाण्याचा पाइप ओढत येतो. कोर्टाची निगा राखायची आणि जोडीदार नसलेल्या मेंबरशी खेळायचं, हे मार्करचं काम. वय २३. दहावीपर्यंत मराठी शाळा. पगार १२ हजार. पाणी कमी पडलं तर धूळ उडते, जास्त झालं तर पाय रुततो. मग रोलर. तो दोघांनी ओढायचा. दुसरे मामा, क्लबचे जुने मार्कर. त्यांचे गुडघे गेलेत, पण रोलर सोडत नाहीत.

५:५०. दोरी ताणून फक्की मारली. आता जाळी. टेप शोधत बसत नाहीत. एक रॅकेट उभी धरायची, तिच्यावर दुसरीचं डोकं आडवं. २७ इंच आणि ९ इंच, झाले तीन फूट. मधली पट्टी तेवढ्यावर आवळायची.

६:१५. ज्येष्ठांची डबल्स. आज चौथा भिडू नाही, म्हणून हा उभा राहतो. "माइन!" "युवर्स!" डोक्यावरून लॉब गेला की "स्विच!" सर्व्हिस जाळीला घासून आत पडली, तर "लेट, फर्स्ट सर्व्ह." जाळीच्या मेहेरबानीने पॉइंट मिळाला तर हात वर करून "सॉरी, सर." स्कोअर सांगताना सर्व्ह करणाऱ्याचे गुण आधी. "थर्टी-फॉर्टी," तो न अडखळता म्हणतो. एवढी इंग्रजी बॉलबॉय असतानाच आली. तासाचे दीडशे मिळतात.

८:४५. चहा, वडापाव. ३० रुपये. खिशातून वही निघते. वाक्यं देवनागरीत लिहिलेली. "बेंड युवर नीज." "वॉच द बॉल." "टर्न युवर शोल्डर्स." तो वाचतो, मामा ऐकतात. "हे सगळं मी हातानेच दाखवायचो," मामा म्हणतात.
"तेव्हा मुलांच्या आया कोर्टवर येत नव्हत्या, मामा."

११:००. गटिंग. रॅकेट मशीनवर चढते. उभ्या तारा १६, आडव्या १९. आधी उभ्या, मधून बाहेर. आडवी प्रत्येक तार एकीच्या वरून, एकीच्या खालून. ओढून ओढून बोटांना चर पडलेत. मेंबरचा फोन येतो. किती पाउंडला बांधतोयस?
"फिफ्टी-टू, सर. लास्ट टाइम फिफ्टी. नाउ मोअर कंट्रोल, लेस पॉवर."
फोन ठेवल्यावर हेच वाक्य पुन्हा एकदा स्वतःशी म्हणून पाहतो. तार मेंबरची, मजुरी दोनशे. त्यातले शंभर याचे.

१:००. डबा. ऊन चढलंय, कोर्टं रिकामी. मातीला पुन्हा एक हलका हात पाण्याचा. मग शेडमध्ये तासभर आडवं.

४:३०. मुलांची बॅच. बॅच कोचची, टोपलीतून चेंडू टाकायचं काम याचं. दोनशे रुपये. लहानांना लाल चेंडू. तो नेहमीच्या पिवळ्यापेक्षा ७५ टक्के हळू येतो. "रेडी? मूव्ह युवर फीट. अगेन." एक मुलगी विचारते, रॅकेट धरू कशी? मोठं उत्तर त्याच्याजवळ नाही. "शेक हँड विथ रॅकेट," म्हणतो. ती रॅकेटशी हस्तांदोलन करते. फोरहँडची पकड बरोबर बसते.

६:००. बॅच सुटते. चेंडू वेचायचे. मुलीची आई जाळीपाशी थांबलेली. कुटुंब चेन्नईचं, नोकरीमुळे बाणेरला आलेलं. मराठी नाही, हिंदी जेमतेम. ती विचारते, मुलगी कशी खेळते? तो टोपली खाली ठेवतो. "बॅकहँड गुड, मॅडम. फूटवर्क लिटल स्लो. डेली स्किपिंग, टेन मिनिट्स." मग ती आणखी काही विचारते. बोलणं लांबतं. मामा दुरून पाहत राहतात.

८:३०. दिवे बंद. दीडशे, शंभर, दोनशे: साडेचारशे. त्यातून वडापाव-चहाचे ३० गेले, पेट्रोलचे ६० जातील. कोर्टावर चटई फिरवून झाली की मामा विषय काढतात.

"काय म्हणत होत्या बाई?"
"रविवारी पर्सनल कोचिंग घ्याल का म्हणाल्या. मी म्हटलं, फाइव्ह हंड्रेड, वन अवर."
"कमी करा म्हणाल्या असतील."
"म्हणाल्या ना. मला पुढचं वाक्यच सुचेना. परत फाइव्ह हंड्रेडच म्हणालो."
"मग?"
"ओके म्हणाल्या. सकाळी सात."