डबी जोडल्याने गाडी सुधारते का?

मोटारसायकलीच्या सुट्या भागांच्या दुकानांत अलीकडे काडेपेटीएवढी एक काळी डबी विकावयास असते. तिला दोनचार वायरी आणि टोकांना कनेक्टर असतात. ही डबी सीटखालच्या वायरिंगमध्ये जोडली की पिकअप वाढेल, गाडी धक्के देणार नाही, इंजिन कमी तापेल, असे विक्रेता सांगतो. उत्साही विक्रेता मायलेजही वाढवून देतो! किंमत काही हजार रुपये. एवढी रक्कम मोजण्यापूर्वी एक प्रश्न विचारावासा वाटतो : कारखान्यातील अभियंत्यांना जे जमले नाही, असे ही डबी नेमके काय करते?

याचे उत्तर समजण्यासाठी इंजिनाला पेट्रोल कसे मिळते ते आधी पाहू. पूर्वी हे काम कार्बोरेटर करीत असे. गाडी नीट चालेनाशी झाली की मेकॅनिक पेचकस घेऊन एक स्क्रू थोडा फिरवी आणि इंजिनाचा आवाज ऐकून मिश्रण जुळवी. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला. त्याची जागा इंजेक्टरने घेतली. इंजेक्टर ही एक सूक्ष्म तोटी आहे. ती सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरती उघडते आणि पेट्रोलचा फवारा सोडते. ती किती वेळ उघडी ठेवायची हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. इंजिनाचे फेरे, रेस किती दिली आहे, आत येणाऱ्या हवेचे तापमान, इंजिनाचे तापमान अशी माहिती त्याला निरनिराळ्या सेन्सरांकडून मिळते. याखेरीज सायलेन्सरच्या नळीत एक ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. जळून बाहेर पडणाऱ्या वायूत प्राणवायू उरला आहे की नाही, हे तो कळवत राहतो. उरला असेल तर पेट्रोल कमी पडले, नसेल तर जास्त झाले. त्यानुसार ईसीयू पुढच्या फवाऱ्यात दुरुस्ती करतो.

एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. ईसीयू हेच प्रमाण धरून ठेवण्याची धडपड करतो. कारण कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्ही घातक गोष्टींचा बंदोबस्त करणारा उत्प्रेरक सायलेन्सरमध्ये असतो आणि तो या प्रमाणाच्या आसपासच नीट काम करतो. इंजिनाला सर्वांत जास्त जोर मात्र साधारण १३ भाग हवेला मिळतो. मेकॅनिकच्या भाषेत सांगायचे तर हवेसाठी मिश्रण 'लीन' हवे आणि जोरासाठी 'रिच'. काही गाड्या कमी वेगात, अर्धवट रेसवर हिसके देतात, त्यामागे बऱ्याचदा हे लीन मिश्रण असते. म्हणजे चालकांची तक्रार खोटी नव्हे.

आता डबीकडे वळू. सर्वांत स्वस्त प्रकारात विजेला रोध करणाऱ्या एकदोन घटकांपलीकडे फारसे काही नसते. हवेचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा विद्युतरोध थंडीत वाढतो. डबी त्या वायरीत आणखी रोध घालते आणि ईसीयूला हवा आहे त्याहून थंड भासते. बाहेर ३० अंश सेल्सिअस असताना त्याला १० अंश वाटले, तर हवा सुमारे सात टक्के दाट आहे असा त्याचा हिशेब होतो आणि तो तेवढे पेट्रोल वाढवतो. येथवर विक्रेत्याचे म्हणणे खरे आहे. पण सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर जागा असतो. तो पेट्रोल जास्त झाल्याचे कळवतो आणि ईसीयू वाढवलेले पेट्रोल काढून घेतो. संथ, एकसारख्या वेगाने जाताना या डबीचा परिणाम असा पुसला जातो. इंजिन थंड असताना, एकाएकी रेस वाढवल्यावर किंवा पूर्ण रेसवर ईसीयू त्या सेन्सरचे फारसे ऐकत नाही. तेवढ्या वेळापुरताच फरक उरतो. आणि पूर्ण रेसवर कारखान्यानेच मिश्रण रिच ठेवलेले असल्याने तेथे मिळवण्यासारखे थोडेच असते.

दुसऱ्या प्रकारची डबी अधिक धूर्त आहे. ती ऑक्सिजन सेन्सरचाच संदेश बदलते. मिश्रण रिच झाले तरी ईसीयूला ते योग्य वाटते. या डबीने गाडी खरोखर बदलते : हिसके कमी होतात, खालच्या वेगात ती मऊ चालते. पण त्याची किंमत पाहा. हवेचे प्रमाण १४.७ वरून १३.८ वर आणले, तर तेवढ्याच हवेसाठी साडेसहा टक्के अधिक पेट्रोल लागते. त्यातले थोडे वाढलेल्या जोरातून परत मिळते, सगळे मिळत नाही. म्हणून अधिक पेट्रोल घालून जोर वाढवणारी डबी मायलेजही वाढवते, हा दावा स्वतःशीच भांडणारा आहे. शिवाय उत्प्रेरकाला प्राणवायू अपुरा पडतो आणि धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो. तो गाडीमागून येणाऱ्याच्या नाकात जातो, ही गोष्ट जाहिरातीत नसते.

तिसरा प्रकार इंजेक्टरच्या वायरीत बसतो आणि प्रत्येक वेगाला, प्रत्येक रेसला किती पेट्रोल द्यायचे याचा तक्ता त्यात भरता येतो. ज्याने सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलले आहेत, त्याला याचा खरा उपयोग आहे. काही गाड्यांचे ईसीयू केवळ रेस आणि फेरे पाहून हवेचा अंदाज करतात. मोकळ्या सायलेन्सरमुळे हवा वाढली हे त्यांना पूर्ण रेसवर कळत नाही. तेथे पेट्रोल खरोखरच कमी पडते. मात्र तक्ता भरण्याचे काम डायनोवर, म्हणजे चाकाचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर, जाणकाराने करावयास हवे. सार्वजनिक रस्त्यावरील गाडीत असे फेरफार केल्यास कंपनी वॉरंटी नाकारू शकते आणि कायद्याचाही प्रश्न उद्भवतो.

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून 'आता डबी हवीच' असेही ऐकू येते. इथेनॉलला हवा कमी लागते हे खरे. एका भागाला सुमारे नऊ भाग. पण ऑक्सिजन सेन्सर उरलेला प्राणवायू पाहतो, इंधनाचे नाव विचारत नाही. नेहमीच्या चालीत तो ही तफावत बऱ्याच अंशी स्वतःच भरून काढतो.

मग डबी लावलेले इतके लोक समाधानी कसे? काहींच्या गाडीत दुसऱ्या प्रकारची डबी असते, त्यांना जाणवलेला फरक खरा असतो. इतरांच्या बाबतीत पैसे मोजलेल्या माणसाला सुधारणा दिसावी अशी इच्छाही काम करते. शिवाय डबी बसवताना मेकॅनिक अनेकदा सैल चेन ताणतो, रेसची केबल जुळवतो, फिल्टर झटकतो. आणि हिसक्यांचे मूळ पुष्कळदा तेथेच असते. पेट्रोल वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तपासली; मायलेज लक्षणीय वाढवणारे एकही तिला आढळले नाही.

आपल्या गाडीपुरती परीक्षा घरीही घेता येते. प्रथम चेन व केबल नीट करून घ्यावी. मग मित्राला सांगावे, की रोज सकाळी डबी जोड किंवा काढ, पण काय केलेस ते मला सांगू नकोस. दोन आठवडे त्याच रस्त्याने जावे आणि डबी आहे की नाही याचा आपला अंदाज रोज वहीत लिहावा. नंतर एक टाकी डबी लावून, एक डबीविना पूर्ण संपवावी आणि पेट्रोलचा हिशेब मांडावा. त्यानंतर मित्राची नोंद आणि आपली वही शेजारी ठेवून पाहावी.