बूट फाटला म्हणजे एक्सल गेला?

म्हैसूरच्या हुणसूर रस्त्यालगत हूटगळ्ळीची औद्योगिक वसाहत आहे आणि तिथे ऑटोमोटिव्ह एक्सल्स ही कंपनी. पुण्याच्या कल्याणी समूहाने अमेरिकेच्या रॉकवेलबरोबर १९८१ साली ही भागीदारी उभी केली. पुढे रॉकवेलचा तो व्यवसाय मेरिटॉर नावाने वेगळा झाला आणि २०२२ मध्ये मेरिटॉर कमिन्सच्या ताब्यात गेली. या कारखान्याचा मुख्य माल म्हणजे ट्रक-बसचे मागचे एक्सल. जाड पोलादी घर, आत डिफरन्शियल, दोन्ही बाजूंना सरळ शाफ्ट आणि सगळं तेलात. त्याला बूट, म्हणजे घड्यांची रबरी टोपी, लागत नाही, कारण मागची चाकं वळवायची नसतात आणि शाफ्ट घराच्या आतच सरळ फिरतो. गॅरेजमध्ये मात्र मारुतीच्या पुढच्या चाकाला जोडलेल्या दांड्यालाही ‘एक्सल’च म्हणतात. नाव एक, वस्तू दोन. ‘एक्सल म्हणजे लोखंड, त्याला रबर फाटल्याने काय होणार?’ हा समज बहुधा या नावाच्या घोळातूनच येतो.

पुढच्या चाकाला ताकद देणं हे मुळात अवघड काम आहे. चाक वळतं, खड्ड्यात वर-खाली होतं आणि हे चालू असताना इंजिनाचा जोरही त्याला मिळत राहिला पाहिजे. ट्रकच्या लांब शाफ्टला असतो तो क्रॉसचा सांधा इथे चालत नाही. तो कोनात असला की एका फेऱ्यात दोनदा वेग वाढतो आणि दोनदा कमी होतो, म्हणून स्टिअरिंगला झटके बसतील. बाहेर पडणारा वेग आत येणाऱ्या वेगाएवढाच ठेवणारा सांधा हवा. अशा सांध्याला सीव्ही सांधा म्हणतात; सीव्ही म्हणजे कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, ते याच अर्थाने. आल्फ्रेड रझेपा या अभियंत्याने १९२०च्या दशकात मांडलेली गोळ्यांची रचना आजही बहुतेक गाड्यांच्या बाहेरच्या टोकाला असते: वाटीसारखं घर, आत खाचा असलेला गाभा, मधे सहा पोलादी गोळ्या. गिअरबॉक्सकडच्या टोकाला बहुधा तीन रोलरचा ट्रायपॉड असतो, जो आत-बाहेर सरकूही शकतो. अँबॅसिडर आणि पद्मिनी मागच्या चाकांवर चालायच्या, त्यामुळे आपल्याकडच्या घरांत हा सांधा खऱ्या अर्थाने पोचला तो डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० बरोबर. फाटलेल्या बुटाचं दुखणंही तिच्याच पावलांनी आलं.

या सांध्यावर चढवलेला रबरी बूट ताकद पोचवण्यात काहीच भाग घेत नाही. तो म्हणजे फक्त ग्रीसची पिशवी. पण बहुतेक गैरसमज एवढी एक गोष्ट नजरेआड झाल्यामुळेच होतात. सांध्याला तेलाची टाकी नाही, पंप नाही. कारखान्यात भरलेलं मूठभर ग्रीस आयुष्यभर पुरवायचं असतं. बुटाची घडी फाटली की फिरण्याच्या वेगाने ते बाहेर फेकलं जातं, चाकाच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे दिसतात, आणि त्याच वाटेने धूळ-पाणी आत शिरतं. राहिलेलं ग्रीस आणि माती मिळून पॉलिश पेपरचं काम करतात. तरीही आवाज येत नाही, म्हणून चालक निर्धास्त. पूर्ण वळणावर येणारी कट-कट हा इशारा समजला जातो; ती खरं तर पंचनाम्यासारखी असते. गोळ्यांच्या वाटेत खड्डे पडून झाल्यावरच ती ऐकू येते. म्हणून आवाज नाही तोवर बूट बदलण्यात अर्थ आहे, आणि आवाज सुरू झाल्यावर नुसता बूट बदलणं म्हणजे झिजलेल्या सांध्याला नवी टोपी. लोक नेमकं उलट करतात.

यावर गॅरेजवाल्याचा आक्षेप ठरलेला: मजुरी तेवढीच, मग अख्खा एक्सलच टाका, कटकट नको. हे निव्वळ लुबाडणं नव्हे. खोलून धुवायला वेळ जातो, हात बरबटतात, आणि धुतलेला सांधा महिन्याभरात वाजला तर शिव्या त्यालाच मिळतात. गाडी वाजत असेल तर त्याचा सल्ला बरोबरच आहे. पण बाजारात मिळणारा प्रत्येक नवा एक्सल मूळ एक्सलच्या तोडीचा असतो हे गृहीत धरायचं कारण नाही. पोलाद आणि त्यावरची उष्णताप्रक्रिया डोळ्यांना दिसत नाही. वेळेवर सापडलेला, न वाजणारा मूळ सांधा नव्या ग्रीसवर पुढेही उत्तम चालू शकतो. निर्णय दुकानात काय शिल्लक आहे यावर न घेता सांधा धुऊन घ्यावा. रॉकेलने किंवा डिझेलने साफ करून पूर्ण सुकवायचा आणि गोळ्यांच्या वाटेवरून नख फिरवायचं. चकाकी असली तर चालेल, नख अडकलं तर सांधा बाद.

घरी हे काम होतं का? होतं, पण ‘रबर तर बदलायचंय’ या समजुतीने केलं तर महागात पडतं. बूट शाफ्टवर चढवायला शाफ्ट मोकळा करावा लागतो, आणि खरं काम तेच आहे. हबचा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचा. वर उचललेल्या गाडीवर त्या नटाशी झटापट करणं धोक्याचं. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर टेकवायची. सिमेंटचे पोकळ ब्लॉक भक्कम दिसतात, पण ते न वाकता एकदम फुटतात, आणि खाली माणूस असतो. कॅलिपर सोडवावा लागला तर तारेने बांधायचा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही. एक्सल काढलेली गाडी सोसायटीच्या आवारात चार फूटही ढकलू नये: अनेक गाड्यांत चाकाचं बेअरिंग त्या नटाच्या दाबावरच एकत्र राहतं. आतलं टोक गिअरबॉक्समधून उपटलं तर तेल सांडतं. ते मोजून परत भरायचं आणि ऑइल सील ओरखडलं नाही ना ते पाहायचं. नट पुन्हा बसवताना नवा घ्यावा आणि गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच टॉर्क रेंचने आवळावा. ‘जोर लावून घट्ट केला’ हे मोजमाप नाही. टॉर्क रेंच नसेल तर हे काम घरी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाहेरचा सांधा बहुधा आतल्या सर्क्लिपवर अडकलेला असतो आणि गाभ्यावर पितळी सळईने नेमका ठोका दिला की सुटतो. गोळ्यांच्या पिंजऱ्यावर मारलं की तोच फुटतो. काही गाड्यांत तो सुटतच नाही, तिथे ट्रायपॉड काढून बूट उलट्या बाजूने आणावा लागतो. काढण्याआधी ट्रायपॉडवर आणि शाफ्टवर खूण करायला विसरू नये. ग्रीसबद्दल ‘ग्रीस ते ग्रीस’ हा समज घट्ट आहे. बुटाच्या किटबरोबर येणारं काळपट ग्रीस बहुतेकदा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं असतं, प्रचंड दाब सोसणारं; चॅसिसचं साधं ग्रीस त्याची जागा घेत नाही, आणि सांगितलेल्या मापापेक्षा जास्त भरूनही फायदा नाही. बूट आवळणाऱ्या क्लिपच्या जागी केबल टाय हा तर शुद्ध आळस. क्लिप आवळण्याआधी बुटाची कड किंचित उचलून आतली कोंडलेली हवा सोडावी, नाहीतर तो फुगलेला किंवा आत ओढला गेलेला राहतो आणि घड्या एकमेकांवर घासतात. चिकटवून बसवायचे दुभंगलेले बूटही मिळतात. जोडावर ग्रीसचा एक थेंब राहिला तरी ते उकलतात, म्हणून गावी पोचेपर्यंतची सोय यापलीकडे त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

दोन किरकोळ समज. काम झालं की अलाइनमेंट करावीच लागते असं नाही: खालचा बॉल जॉइंट सोडवून परत बसवल्याने चाकांची दिशा सहसा बदलत नाही, पण स्ट्रटचे बोल्ट किंवा टाय रॉडचा लॉक नट सैल केला असेल तर ती जरूर करून घ्यावी. आणि इलेक्ट्रिक गाडीला हा त्रास नाही हेही खरं नाही. नेक्सॉन ईव्हीची पुढची चाकंही सीव्ही सांध्यांवरच फिरतात, त्यांच्यावरही हेच रबर असतं.

तपासायला लिफ्ट लागत नाही. इंजिन बंद करून स्टिअरिंग एका टोकाला वळवायचं, पुढच्या चाकामागे टॉर्च मारायचा आणि बुटाच्या घड्या बोटाने फाकवून तळाशी पाहायचं, कारण चीर सुरू होते ती तिथेच. मग दुसऱ्या टोकाला वळवून दुसरी बाजू.