केमो सुरू असताना घरच्यांनी नेमके काय करायचे?

फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले की घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. पण केमोथेरपीच्या काळात कधीकधी न येणे हीच मोठी मदत ठरते. केमो बऱ्याचदा दर 21 दिवसांनी दिली जाते. त्यानंतर साधारण 7 ते 14 दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. या दिवसांत सर्दी-खोकला असलेल्यांनी फोनवरच विचारपूस करावी.

ताप 100.4 अंश फॅरेनहाइटवर गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. लगेच डॉक्टरांना फोन करा, त्याच रात्री रुग्णालय गाठा. गोळीने ताप उतरतो, संसर्ग मात्र तसाच राहतो. थर्मामीटर, रुग्णाची फाइल आणि मध्यरात्री गाडी काढेल अशा मित्राचा नंबर हाताशी हवा. ‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्यांपैकी एकावर हे काम सोपवून टाकावे.

जेवणावरून घरोघरी वाद होतात. तोंडाची चव गेलेली असते, फोडणीच्या वासानेही मळमळते. ताट भरून आग्रह करण्यापेक्षा मऊ खिचडी, पेज थोडी थोडी द्यावी. कुणी सुचवलेले काढे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

‘सिगारेट ओढायचा का?’ हा प्रश्नही टाळाच. धूम्रपान हे या आजाराचे मोठे कारण आहे, पण कधीच न ओढणाऱ्यांनाही तो होतो. आणि ओढणारा असला तरी, सतत दोष ऐकणारा रुग्ण गप्प होतो. मग धाप वाढल्याचेही तो कुणाला सांगत नाही.