सूड कुणाच्या नावावर?

जेरेमी सोल्नियर या अमेरिकी दिग्दर्शकाच्या ‘ब्लू रुइन’मध्ये (2013) एक भणंग माणूस मोडक्या मोटारीत राहत असतो. आईवडिलांच्या खुनासाठी शिक्षा झालेला माणूस तुरुंगातून सुटतोय असं कळतं आणि तो सूड घ्यायला निघतो. निर्मितीसाठी इंटरनेटवरून लोकवर्गणी काढलेल्या या चित्रपटाला कान महोत्सवात समीक्षकांचं पारितोषिक मिळालं. नायकाला धड माणूस मारता येत नाही. तरी त्याचं एक बरं आहे: कुणाला मारायचं याची त्याला खात्री आहे. हीच गोष्ट वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड किंवा मानोरा तालुक्यात घडवायला घेतली, तर पहिल्याच पानावर अडते.

2006 साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम होता. कर्त्या माणसाने जीव दिलेली घरं या पट्ट्यात गावोगाव आहेत. दुःख आहे, मृत्यू आहे, पोलीस आहेत, पंचनामा आहे. गुन्हेगार मात्र सापडत नाही.

मराठीत चेहरा असलेल्या गुन्हेगाराचा चित्रपट झाला नाही असं नाही. मानवत हे वाशीमपासून फार लांब नाही. मध्ये फक्त हिंगोली जिल्हा. तिथल्या सत्तरच्या दशकातल्या हत्याकांडावर विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि अमोल पालेकरांनी ‘आक्रीत’ (1981) दिग्दर्शित केला. दिग्दर्शक म्हणून तो त्यांचा पहिला चित्रपट. त्याला फ्रान्समधल्या नान्त महोत्सवात गौरव मिळाला. पण तिथे गुन्ह्यामागे गुप्तधनाची हाव होती, नावानिशी आरोपी होते, खटला होता.

सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (2009) हा आधारच काढून घेतलेला आहे. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलकाला (सोनाली कुलकर्णी) नवऱ्याची धास्ती वाटू लागते. किसना (गिरीश कुलकर्णी) एकटा राहू नये म्हणून ती लहानग्या पोराला त्याच्या मागे लावून देते. पोरगा बापाच्या पाळतीवर! रहस्यपटाचीच ही चाल. फक्त गुन्हा अजून घडायचाय, आणि बळी व संशयित एकच आहे. मनवरांनी हे हसू येईल अशा बेताने केलं, म्हणून ते जास्त लागतं.

श्रीहरी साठे यांचा ‘एक हजाराची नोट’ याच वाटेने पुढे जातो. पटकथा श्रीकांत बोजेवार यांची. बुढीच्या (उषा नाईक) मुलाने आत्महत्या केलेली. निवडणुकीच्या सभेत पुढारी तिच्या हातात हजाराच्या नोटा ठेवतो. शेजारच्या सुदामाला (संदीप पाठक) घेऊन ती बाजाराला जाते आणि पोलिसांच्या संशयात सापडते: या म्हातारीकडे एवढा पैसा आला कुठून? मुलगा गेला तेव्हा कुणाला पडला नसेल इतका प्रश्न नोटेसाठी पडतो. 2014 च्या गोव्यातल्या इफ्फी महोत्सवात या चित्रपटाला विशेष ज्युरी आणि शताब्दी असे दोन पुरस्कार मिळाले. माझ्या मते मराठीतल्या कमी खर्चाच्या गुन्हेपटांत याच्याइतका नेमका तपास दुसरा नाही, जरी त्याला कुणी गुन्हेपट म्हणत नसलं तरी.

खरा तपास याहून विचित्र असतो. शेतकऱ्याने जीव दिला की आधी पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद, मग पंचनामा, शवविच्छेदन. त्यानंतर महसूल खात्याची चौकशी. जमीन कुटुंबाच्या नावावर होती का? कर्ज बँकेचं, सोसायटीचं, की परवानाधारक सावकाराचं? थकलं होतं का? तगादा होता का? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. पात्र ठरलं तर एक लाख. त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत, अशी पद्धत 2006 पासून रुळली.

या फाईलमध्ये चौकशी होते ती मेलेल्या माणसाची. बटाईने जमीन कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो. विनापरवाना सावकाराचं कर्ज कुठल्याच वहीत नसतं. म्हणजे मेलेल्याच्या बायकोच्या मनात ज्याच्यावर सूड घ्यायचा आहे, नेमका तोच माणूस कागदावरून गळतो. 2014 च्या सावकारी नियमन कायद्यात बेकायदा सावकाराला कैदेची तरतूद आहे. पण तक्रार द्यायची कुणी? ज्या घराला पुढच्या पेरणीला त्याच्याच दारात उभं राहायचंय, त्या घराने? पावसाळ्याच्या तोंडावर सोयाबीनचं बियाणं घ्यायला रोख लागते आणि ती तिथेच मिळते. पटकथाकाराने गाठ मारायची ती इथे. पुराव्याअभावी सुटलेला आरोपी आपण पडद्यावर खूप पाहिले. ज्याच्यावर आरोप ठेवण्याइतकीही ऐपत फिर्यादीकडे नाही, असा अजून नीट पाहिलेला नाही.

संस्कृत पंडित राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशीममध्ये, लावून दिलंय. तेव्हा गोष्टींच्या तुटवड्याचं कारण या गावाने सांगू नये. कॅमेरा घेऊन निघालेल्या वऱ्हाडातल्या पोरांनी पुण्या-मुंबईच्या रहस्यपटांची नक्कल करण्याआधी एखाद्या ‘अपात्र’ प्रकरणाच्या घरी जावं, घरच्यांची परवानगी घेऊन ती फाईल पहिल्या पानापासून वाचावी. सेट लावावा लागणार नाही. तहसील कचेरी, कृषी केंद्र, सोसायटी आणि एक ओसरी एवढ्यावर चित्रपट होतो.