एका खिडकीची खोली

माघातल्या पहाटे, उजाडायला तासभर अवकाश असताना, गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांध तलावाच्या पाळीवर जो मनुष्य एकटा जाऊन बसतो, त्याला पहिला अर्धा तास जवळजवळ काहीच दिसत नाही. समोर विस्तीर्ण जलाशय आहे हे त्याला केवळ अंगाला झोंबणाऱ्या गारव्यावरून आणि काळोखात कोठेतरी पाणी कापीत जाणाऱ्या बदकांच्या कुजबुजीवरून कळते. तलावाला वेढून बसलेल्या, सातबहिणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सात टेकड्या धुक्यात अद्याप विरघळलेल्या असतात. आणि गळ्यात अडकविलेला कॅमेरा, कितीही मोलाचा असला तरी, त्या घटकेला निव्वळ ओझे असतो. निरुपयोगी वाटणाऱ्या या अर्ध्या तासातच पुढच्या छायाचित्राची खरी घडण होते, असा माझा अनुभव आहे, आणि तो वाचकांपुढे सविस्तर मांडावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

छायाचित्रणाची स्फूर्ती कोठून येते, असा प्रश्न नवशिके नेहमी विचारतात, आणि त्याचे उत्तर बहुधा दूरच्या प्रवासात, नव्या उपकरणांत किंवा थोरांच्या चित्रसंग्रहांत शोधले जाते. या साऱ्यांचा उपयोग मी नाकारीत नाही. परंतु कॅमेरा या नावातच याहून जुने आणि साधे उत्तर दडलेले आहे. हा मूळचा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ खोली असा आहे. ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ म्हणजे अंधारी खोली, आणि तिच्या भिंतीला पाडलेल्या एका बारीक छिद्रातून बाहेरच्या जगाचे उलटे प्रतिबिंब समोरच्या भिंतीवर उमटते, हे छायाचित्राचा शोध लागण्यापूर्वी कित्येक शतके मनुष्याला ठाऊक होते. गोंदिया जिल्ह्यातल्या खेड्यांत कवेलूंच्या घरात जे वाढले, त्यांनीही हा चमत्कार नकळत पाहिलेला आहे. उन्हाळ्याच्या दुपारी दार लोटून घेतले की सारवलेल्या भुईवर कवेलूंच्या बारीक फटींतून जे कवडसे पडतात, ते फट वेडीवाकडी असली तरी वाटोळेच दिसतात, कारण त्यांचा आकार फटीचा नसून ती प्रत्यक्ष सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. मात्र त्यासाठी घरात अंधार असावा लागतो. दारे-खिडक्या सताड उघडल्या, तर प्रकाश पुष्कळ येतो आणि प्रतिमा पुसून जाते. एकांताचे मर्म मला या कवडशात दिसते: चहूकडून आत घुसणारे जग काही काळ थोपवून धरावे आणि एकाच छिद्रातून त्याला आत घ्यावे, म्हणजे ते आकार धारण करते.

या कलेच्या आरंभीच्या इतिहासातही हीच खूण सापडते. निसर्गाचे जे सर्वांत जुने छायाचित्र आज टिकून आहे, ते निसेफोर निएप्स या फ्रेंच गृहस्थाने १८२६ किंवा १८२७ साली आपल्या खेड्यातल्या घराच्या वरच्या खिडकीतून घेतले. कित्येक तास उघड्या राहिलेल्या त्या यंत्रात समोरची छपरे आणि भिंती तेवढ्या उमटल्या. पुढे १८३८ मध्ये दागेर या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थाने पॅरिसमधल्या एका रस्त्याचे चित्र घेतले. रस्ता रहदारीचा होता, परंतु प्रकाश ग्रहण करण्यास लागणाऱ्या काही मिनिटांत जो जो हलला तो तो चित्रातून नाहीसा झाला, गाड्या गेल्या, घोडे गेले, पादचारी गेले. आणि कोपऱ्यावर बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी जो एक अनामिक मनुष्य जागेवर थांबला होता, तो मात्र कायमचा राहिला. छायाचित्रात आलेला पहिला मनुष्य म्हणून त्याची गणना होते ती केवळ त्याच्या स्थिरतेमुळे.

रानात या नियमाची दुसरी बाजू प्रत्ययास येते. पॅरिसच्या रस्त्यावर स्थिर राहिलेला मनुष्य दिसू लागला. नवेगावच्या पाळीवर स्थिर राहिलेला मनुष्य दिसेनासा होतो. आपण येतो तेव्हा पाखरे उडतात, वानरे ओरडतात, आणि ज्या निसर्गाच्या भेटीला आलो तो आपल्याच पावलांच्या चाहुलीने पाठ फिरवतो. मग आपण झाडाच्या खोडाशी किंवा डहाळ्यांच्या लपणात बसून राहतो, आणि पंधरा-वीस मिनिटांनी एखादा खंड्या हातभर अंतरावरच्या काटकीवर येऊन बसतो, तेव्हा त्या परिसराने आपल्याला रुजू करून घेतले असे समजावे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने तर तारेला पाय लागताच आपोआप चित्र निघावे अशी तजवीज करून, स्वतः तेथून दूर राहून, रात्रीच्या वाघांची चित्रे मिळविली आणि १९२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पुढे एम. कृष्णन या छायाचित्रकाराने आयुष्यभर कृष्णधवल माध्यमातच वन्यजीवन टिपले. दोघांच्या रीती भिन्न होत्या; परंतु छायाचित्रकाराने समोरच्या जीवाच्या आयुष्यात आपली सावली पडू देऊ नये, ही दृष्टी दोघांच्याही कामात आढळते.

नवेगावबांध हे ठिकाण अशा बैठकीसाठीच घडले आहे की काय असे वाटावे, इतके ते अनुकूल आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला असे परंपरा सांगते. त्यांनाच लोकांनी पुढे कोलासुर देव मानले आणि तलावाभोवतीच्या एका डोंगरावर त्यांचे ठाणे आहे. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचे हे पाणी, भोवतीचे अरण्य, आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब व बदकांचे थवे यांमुळे १९७५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या सेवेत असताना येथे राहिले, आणि त्यांच्या लेखनातून नवेगाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. सरकारी नोकरीतली बदली म्हणजे अनेकांना शिक्षा वाटावी असे ते आडरान होते; चितमपल्लींना मात्र त्या आडरानात आयुष्याचा विषय सापडला. त्यांचा एकांत निर्मनुष्यही नव्हता. नवेगावचे माधवराव पाटील, जाळी टाकणारे ढीवर, रानाची वाट दाखविणारे आदिवासी यांच्याकडून ते पाखरांची आणि झाडांची नावे शिकले. गर्दीत ज्यांचे बोलणे कानी आले नसते, त्यांचे बोलणे ऐकण्याइतकी निवांत जागा त्यांच्या मनात झाली होती, आणि माझ्या मते एकांताची तीच खरी कसोटी आहे.

नागझिऱ्याची गोष्टही निराळी नाही. १९७० साली अभयारण्य झालेल्या या रानात मुक्कामाच्या ठिकाणी कित्येक वर्षे वीज नव्हती. सूर्य मावळला की कंदील, आणि कंदील मालवला की तारे. व्यंकटेश माडगूळकर लेखणी आणि चित्रकाराची नजर घेऊन येथे येऊन राहिले आणि त्या मुक्कामातून ‘नागझिरा’ हे पुस्तक सिद्ध झाले. पुढच्या पिढीत किरण पुरंदरे यांनी या रानात चारशे दिवस काढले आणि ‘सखा नागझिरा’ लिहिले. चारशे दिवस हा आकडा मला फार बोलका वाटतो. दोन दिवसांत नागझिरा पाहून परतणारा प्रवासी वाघ दिसला की नाही एवढाच हिशेब घेऊन जातो. चारशे दिवस राहणाऱ्याला तेच झाड निष्पर्ण, पालवलेले, फुललेले आणि भिजलेले असे सर्व अवस्थांत भेटते, आणि त्याला नेमके कोणत्या सकाळी भेटावे हे त्याचे त्याला कळू लागते.

एकांतात दृष्टीचे काय होते, याला शरीरशास्त्राचाही आधार आहे. उजेडातून अंधारात गेल्यावर मानवी डोळ्याला अंधाराशी पुरते जुळवून घेण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि जुळवून घेतलेल्या डोळ्यांपुढे मोबाइलचा प्रखर पडदा क्षणभर जरी धरला, तरी ती मिळकत बरीचशी बुडते. आरंभी ज्या अर्ध्या तासाचा उल्लेख केला, तो हाच. मनालाही अशीच मुदत द्यावी लागते, फक्त ती मिनिटांत मोजता येत नाही. नव्या जागी गेल्यावर आपण प्रथम जी चित्रे घेतो, ती बहुतेक आपली नसतातच; दिनदर्शिकांत आणि मासिकांत पाहिलेली सूर्यास्ताची, प्रतिबिंबाची, उडत्या थव्याची चित्रे आपल्या डोळ्यांत आधीच भरलेली असतात, आणि समोरच्या दृश्यावर आपण त्यांचाच शिक्का उमटवितो. सोबतीला कोणी असेल, तर त्याला दाखविण्यासाठी म्हणूनही काही चित्रे घेतली जातात. हा साठा संपावा लागतो. तो संपला की कंटाळा येतो, आणि या कंटाळ्याला भिऊन जो उठतो त्याची भेट तेथेच चुकते. जो बसून राहतो, त्याला काही वेळाने पाण्यावर वाकलेल्या देवधानाच्या एका काडीवर थरथरणारा दवाचा थेंब दिसतो, आणि हे पूर्वी कोणी दाखविलेले नाही, हे माझे मला दिसले आहे, अशी मनाची खात्री पटते. स्फूर्ती म्हणतात ती हीच.

परंतु एकांत नेहमीच निवडून घेतलेला असतो असे नाही. योसेफ सुडेक या झेक छायाचित्रकाराने पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला, आणि दुसऱ्या महायुद्धात प्राग शहर नाझींच्या अमलाखाली असताना बाहेर मुक्तपणे चित्रे घेणे कठीण झाले. तेव्हा १९४० पासून पुढे सुमारे चौदा वर्षे त्याने आपल्या लहानशा चित्रशाळेच्या खिडकीची चित्रे घेतली. तावदानावरचे दव, त्यापलीकडे अंगणातले वाकडे झाड, काचेवर गोठलेले हिम, एवढीच ती सृष्टी. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदीचा हुकूम निघाला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांवर हाच प्रसंग आला. कित्येकांना तो काळ केवळ दुःखाचा आणि ताटातुटीचा गेला, त्यांना एकांताचे गुण सांगणे क्रूरपणाचे ठरेल. एकाकीपणा आणि एकांत यांत अंतर आहे. एकाकी मनुष्याला कोणीतरी नसल्याची जाणीव सतत टोचत राहते. एकांतातल्या मनुष्याला जे आहे ते पुरते दिसू लागते. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करण्याचे जे थोडे मार्ग आहेत, त्यांत कॅमेरा हा एक आहे, कारण डोळा छिद्राला लावताच विचार स्वतःकडून समोरच्या वस्तूकडे वळतो. सुडेकच्या खिडकीने मला तरी एवढे शिकविले आहे.

आता या मार्गातली एक मर्यादा सांगणे मी कर्तव्य समजतो. महाराष्ट्रात सारस पक्ष्याचे घर म्हणून आज प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्याचेच नाव घेतले जाते, आणि तेथेही त्यांची संख्या अगदी मोजकी आहे. पुरुषभर उंचीचा, करड्या पिसांचा आणि लाल मानेचा हा पक्षी पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा बोडीच्या, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याच्या, उथळ पाण्यात गवताचे मोठे घरटे रचतो. मादी बहुधा दोन अंडी घालते आणि नर-मादी आळीपाळीने सुमारे महिनाभर ती उबवितात. ज्याच्या बांधीत घरटे झाले, तो शेतकरी तेवढा तुकडा सांभाळून रोवणी करतो, प्रसंगी थोड्या धानावर पाणी सोडतो. अशा घरट्याजवळ चित्राच्या मोहाने जाणे म्हणजे आपला एकांत साधण्यासाठी दुसऱ्याचा एकांत मोडणे होय. जोडी घरट्यावरून उठली, की अंडी उन्हाला, कावळ्यांना आणि कुत्र्यांना मोकळी पडतात. लांब भिंगातूनही जे चित्र पाखराला न उठविता घेता येत नाही, ते चित्र आपले नव्हे, असे म्हणून माघारी फिरणे हाही या साधनेचाच भाग आहे, आणि माझ्या दृष्टीने तो सर्वांत अवघड आहे.

वाचक विचारतील की हे सर्व ज्यांना रानात मुक्काम करणे शक्य आहे त्यांच्यासाठी झाले; आम्ही काय करावे? त्यावर माझे निवेदन असे की नवेगाव-नागझिरा आता व्याघ्र प्रकल्प आहे, तेथे फाटकाच्या वेळा आणि वाहनांचे नियम आहेत, पावसाळ्यात प्रवेश बंद असतो, आणि ते योग्यच आहे. एकट्याने पायी हिंडण्याची वहिवाट तेथे आता राहिलेली नाही. परंतु गोंदिया हा जिल्हाच तलावांचा आहे. मालगुजारांच्या काळातले मामा तलाव आणि शेतांतल्या लहान बोड्या गावोगाव आहेत, आणि आपल्या गावाजवळच्या एका बोडीवर आठवड्यातून एकदा, एकट्याने, एकाच दगडावर, वर्षभर जाऊन बसण्यास कोणाचीही इजाजत लागत नाही. पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतून काढू नये. मोबाइल बंद ठेवावा. काय ऐकले, वारा कोठून होता, पाणी कोणत्या रंगाचे होते, याची वहीत नोंद करावी, आणि मग एखादेच चित्र घ्यावे. शहरात राहणाऱ्याने हेच आपल्या गच्चीवर किंवा खिडकीशी करावे. वर्ष संपेल तेव्हा हाती पन्नासएक चित्रे असतील, आणि त्यांतून त्या जागेचे ऋतुचक्र तर दिसेलच, परंतु पाहणाऱ्याची नजर कशी बदलत गेली याचेही ते दप्तर होईल.

नवेगावच्या पाळीवर आता उजाडले आहे. सातबहिणींच्या कडा एकामागून एक वर येतात, धुके पाण्याला धरून लांबट होत जाते, आणि त्या धुक्यातून एका ढीवराचा डोंगा नेमका आपल्या चौकटीत शिरतो. पूर्वी मी अशा वेळी चित्र बिघडले म्हणून मनातल्या मनात चरफडत असे. या पहाटे मात्र त्याच्या वल्ह्यावरून निथळणारे पाणी, डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा, आणि जाळे उचलताना कललेला डोंगा यांकडे पाहताना माझ्या ध्यानात आले की चित्र आतापर्यंत अपुरे होते आणि हाच मनुष्य त्यात यायचा राहिला होता. डोंगा काठाला लागला, त्याने माझ्याकडे पाहून विचारले, “का भेटलं जी?” मी त्याला जवळ बोलावले, कॅमेऱ्याच्या मागच्या लहानशा पडद्यावर त्याला त्याचेच चित्र दाखविले, आणि तो ते बराच वेळ काही न बोलता पाहत राहिला.